न जुळणारे हाड आणि खेळाडूची घाई

त्वचा किंवा स्नायू यांना खोल जखम झाली, तर ती बहुधा व्रणाच्या ऊतीने भरून निघते आणि तेथे मूळची रचना पूर्णपणे परत येत नाही. हाडाचे मात्र तसे नाही, कारण मोडलेले हाड नीट जुळल्यानंतर त्या जागी व्रण न राहता पुन्हा हाडच तयार होते आणि काही वर्षांनी क्ष-किरण चित्रात मोड कोठे होता हे सांगणेही अनेकदा अवघड होते. ही क्षमता इतकी भरवशाची आहे, की प्लास्टर घालून सहा ते आठ आठवडे थांबले म्हणजे काम झाले, अशी सर्वसामान्य समजूत रूढ झाली आहे आणि बहुसंख्य अस्थिभंगांच्या बाबतीत ती खरीही ठरते. परंतु शरीरातील काही हाडे, त्यांतले काही विशिष्ट भाग आणि काही विशिष्ट परिस्थितीतील माणसे यांच्या बाबतीत ही प्रक्रिया रेंगाळते किंवा अर्ध्यावर थांबते. खेळाडूंमध्ये असे प्रसंग वारंवार येतात आणि त्यांच्यापुढे वेळेचा प्रश्न सर्वांत तीव्र असल्यामुळे, हाडाची वाढ चेतवणाऱ्या ज्या उपचारांना वैद्यकात जैविक उपचार म्हणतात, त्यांचा सर्वाधिक गाजावाजाही क्रीडाक्षेत्रातच होतो.

हाड जुळते कसे, हे समजल्याशिवाय या उपचारांचे मोल करता येत नाही. हाड मोडले की त्यातील व त्यावरील आवरणातील रक्तवाहिन्या फाटून मोडाच्या जागी रक्ताची गाठ साचते, आणि ही गाठ म्हणजे केवळ सांडलेले रक्त नसून पुढील सर्व घडामोडींचा पाया असतो. तेथे दाह सुरू होतो, दाहातील पेशी रासायनिक संदेश पाठवतात आणि त्या संदेशांमुळे हाडाच्या आवरणातील व मज्जेतील मूलपेशी तेथे जमतात. पुढच्या काही आठवड्यांत या पेशी कूर्चेचा मऊ सांधा तयार करतात, त्यात नवीन रक्तवाहिन्या शिरल्या की कूर्चेची जागा कच्चे हाड घेते, आणि त्यानंतर महिनोन्‌महिने अस्थिभक्षक पेशी जादा हाड खात राहतात व अस्थिजनक पेशी भाराच्या दिशेने नवे हाड रचत राहतात. यातील कोणताही टप्पा गाळता येत नाही. दाह हा येथे शत्रू नसून आरंभ आहे, म्हणूनच दाहशामक वेदनानाशके दीर्घकाळ घेणाऱ्या रुग्णात हाड उशिरा जुळते की काय, यावर अस्थिशल्यचिकित्सकांमध्ये अजून वाद चालतो आणि सावध डॉक्टर खेळाडूला अशा गोळ्या मोजून देतात.

अपेक्षित काळात हाड जुळले नाही, पण जुळण्याची चिन्हे दिसत आहेत, अशा अवस्थेला विलंबित जोड म्हणतात. प्रक्रिया पूर्ण थांबली असेल तर तिला जोड न होणे म्हणतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने यासाठी जी व्याख्या वापरली, तिच्यानुसार इजेला ९ महिने झाले आणि शेवटच्या ३ महिन्यांत क्ष-किरण चित्रात काहीच प्रगती दिसली नाही, तर हाड जुळलेले नाही असे मानले जाते. ज्याचे हंगाम मोजके आहेत अशा धावपटूला ९ महिने वाट पाहा म्हणणे व्यवहारात शक्य नसते, आणि येथूनच घाईचा शिरकाव होतो.

खेळाडूंची अडचण दुहेरी असते. पडून किंवा धडकून होणारे अस्थिभंग त्यांनाही होतात, पण त्यांचा खास आजार म्हणजे ताणजन्य अस्थिभंग, ज्याला रोजच्या बोलण्यात स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. प्रत्येक पावलागणिक हाडात अतिसूक्ष्म तडे पडत असतात व विश्रांतीत ते भरून निघत असतात. भार इतका वाढला की भरण्याचा वेग मागे पडला, तर ते तडे जोडले जाऊन खरा मोड होतो. प्रशियाच्या सैन्यातील डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ मध्ये लांब कवायत करणाऱ्या शिपायांच्या सुजलेल्या पायांचे वर्णन केले होते, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या चाळीस वर्षे आधी हा विकार नोंदला गेला होता. नडगीच्या मागच्या-आतल्या कडेचे असे अस्थिभंग विश्रांतीने भरून येतात. परंतु नडगीची पुढची कड, मांडीच्या हाडाच्या मानेचा वरचा भाग, पावलाच्या मध्यावरील नौकाकृती अस्थी आणि पायाच्या करंगळीमागच्या लांब हाडाचा बुंध्याजवळचा भाग ही ठिकाणे धोक्याची मानली जातात, कारण तेथे रक्तपुरवठा तुटपुंजा असतो किंवा प्रत्येक हालचालीबरोबर मोडाच्या दोन्ही कडा एकमेकींपासून ओढल्या जातात.

करंगळीमागच्या हाडाचा हा अस्थिभंग जोन्स फ्रॅक्चर या नावाने ओळखला जातो, कारण लिव्हरपूलचे विख्यात शल्यचिकित्सक रॉबर्ट जोन्स यांनी १९०२ मध्ये त्याचे वर्णन केले आणि त्यातील एक रुग्ण ते स्वतःच होते. नाचताना त्यांचा पाय मुरगळून हे हाड मोडले होते. या ठिकाणी दोन बाजूंनी येणाऱ्या रक्तवाहिन्यांची क्षेत्रे संपतात व मधला पट्टा उपेक्षित राहतो. अमेरिकन बास्केटबॉलपटू केव्हिन ड्युरँट याच्या उजव्या पायात ऑक्टोबर २०१४ मध्ये हाच अस्थिभंग झाला, हाडात स्क्रू बसवण्यात आला, तरीही त्रास संपला नाही आणि मार्च २०१५ मध्ये तिसऱ्या शस्त्रक्रियेत त्या जागी हाडाचे रोपण करावे लागले. पुढच्या हंगामात तो पूर्ण ताकदीने परतला. नौकाकृती अस्थीचा इतिहास याहून कठोर आहे. अमेरिकेतील एनबीए या बास्केटबॉल स्पर्धेत खेळणाऱ्या जोएल एम्बीड याच्या उजव्या पावलावर जून २०१४ मध्ये पहिली आणि ऑगस्ट २०१५ मध्ये अस्थिरोपणाची दुसरी शस्त्रक्रिया झाली, संघाने निवडूनही तो पहिले दोन हंगाम एकही सामना खेळला नाही, पण २०२३ मध्ये त्या स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याने मिळवला; याउलट चीनचा याओ मिंग २००९ मध्ये डाव्या पायावर मोठी शस्त्रक्रिया व रोपण करून वर्षभर थांबला, परतल्यावर मोजकेच सामने खेळला, पुन्हा घोट्यात ताणजन्य अस्थिभंग झाला आणि जुलै २०११ मध्ये त्याने निवृत्ती पत्करली. खेळ तोच, उपचारांची दिशाही जवळपास तीच, आणि तरी निष्पत्ती टोकाची वेगळी. एखाद्या नामवंत खेळाडूच्या पुनरागमनावरून उपचाराची परिणामकारकता ठरवू नये, ते याच कारणासाठी.

हाड न जुळण्याची कारणे स्थूलमानाने दोन गटांत पडतात आणि उपचार निवडताना हा भेद निर्णायक असतो. काही रुग्णांत मोडाभोवती भरपूर नवे हाड तयार झालेले दिसते, पण मधली फट तशीच राहते. येथे जैविक शक्ती उत्तम असून स्थैर्य कमी पडलेले असते, म्हणून पट्टी, खिळा किंवा स्क्रू घट्ट बसवला की बहुधा काम भागते आणि तेथे महागडी इंजेक्शने देणे व्यर्थ असते. दुसऱ्या प्रकारात हाडाची टोके निमुळती, निर्जीव दिसतात व नव्या हाडाचा मागमूस नसतो; जैविक उपचारांची खरी गरज या दुसऱ्या प्रकाराला असते. इंग्लंडमधील लीड्स येथील प्राध्यापक पीटर जियानुडिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ही समज एका चौकटीत मांडली, जिला हिऱ्याच्या आकृतीवरून नाव मिळाले: हाड बनवणाऱ्या पेशी, त्यांना कामाला लावणारे वाढघटक, त्यांना वस्ती करण्यासाठी सच्छिद्र सांगाडा आणि यांत्रिक स्थैर्य, असे तिचे चार कोन असून रक्तपुरवठा हा सर्वांचा आधार मानला जातो. या चौकटीचा खरा अर्थ असा, की एक कोन कितीही भक्कम केला तरी उरलेल्यांची उणीव त्याने भरून निघत नाही.

या तत्त्वाचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र या चौकटीच्या कितीतरी आधीचे आहे, आणि ते एका खेळाडूचेच आहे. सोव्हिएत संघाचा उंच उडीपटू वालेरी ब्रुमेल याने १९६३ मध्ये २.२८ मीटरचा विश्वविक्रम केला व १९६४ मध्ये टोकियो ऑलिंपिकचे सुवर्णपदक जिंकले. पुढच्याच वर्षी मोटारसायकलच्या अपघातात त्याच्या पायाचा चुराडा झाला. शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या, तरी हाड जुळेना आणि पाय आखूड झाला. अखेरीस तो सायबेरियातील कुर्गान येथे गावरिल इलिझारोव्ह यांच्याकडे गेला, जे राजधानीच्या वैद्यकीय वर्तुळात तोवर फारसे मानले जात नव्हते. इलिझारोव्ह हाडातून आरपार बारीक तारा घालून त्या ताणून पायाभोवतीच्या पोलादी कड्यांना बांधत. त्यामुळे हाड स्थिर राही, रुग्णाला पायावर भार देऊन चालता येई, आणि कडी दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या वेगाने, तीही चार हप्त्यांत, एकमेकांपासून दूर नेली की मधल्या फटीत नवे हाड व नव्या रक्तवाहिन्या तयार होत. ब्रुमेलचा पाय जुळला, लांबी परत आली आणि त्याने पुन्हा दोन मीटरहून उंच उडी मारली. त्या उपचारात कोणतेही औषध, पेशी किंवा वाढघटक बाहेरून घातलेले नव्हते. योग्य ताण आणि योग्य स्थैर्य मिळाल्यावर शरीराने स्वतःच ते सारे पुरवले. आज जैविक उपचार म्हटल्यावर केवळ इंजेक्शनची सुई डोळ्यांपुढे येते, त्या समजुतीला कुर्गानचा हा अनुभव आजही पुरेसे उत्तर आहे.

बाहेरून मदत देण्याच्या उपचारांत सर्वांत जुना आणि अद्याप सर्वांत भरवशाचा उपचार म्हणजे रुग्णाच्याच कमरेच्या हाडाच्या कडेतून स्पंजासारखे मऊ हाड काढून ते मोडाच्या जागी भरणे. त्यात जिवंत पेशी असतात, वाढघटक असतात आणि सच्छिद्र सांगाडाही असतो, म्हणजे चौकटीतील तीन कोन एकाच वेळी मिळतात. किंमत मोजावी लागते ती कमरेच्या जखमेच्या वेदनेची आणि मर्यादित साठ्याची. नवे उपचार पुढे आले ते मुख्यतः ही वेदना टाळण्याच्या प्रयत्नातून.

त्यांतील वाढघटकांची कथा लॉस एंजेलिसच्या मार्शल युरिस्ट यांच्यापासून सुरू होते. खनिजे काढून टाकलेल्या हाडाचे तुकडे प्राण्यांच्या स्नायूंमध्ये ठेवले असता, जेथे हाडाचा संबंधच नाही तेथे नवे हाड तयार होते, हे त्यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केले आणि हाडातच असे काही द्रव्य आहे, जे सामान्य पेशींना अस्थिजनक पेशी व्हायला भाग पाडते, असा निष्कर्ष काढला. त्या द्रव्याला पुढे अस्थिरूपकारक प्रथिन म्हटले गेले, त्याचे जनुक सापडले, आणि बीएमपी-२ या नावाने ओळखला जाणारा त्याचा एक प्रकार प्रयोगशाळेत बनवून अमेरिकेत २००२ मध्ये कण्याच्या शस्त्रक्रियेसाठी व २००४ मध्ये नडगीच्या उघड्या अस्थिभंगासाठी मान्य झाला. या दुसऱ्या मान्यतेमागे ४५० रुग्णांची चाचणी होती, जिच्यात जादा मात्रा मिळालेल्या गटात पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचा धोका ४४ टक्क्यांनी कमी आढळला. मात्र शरीरात हे प्रथिन अत्यल्प प्रमाणात असते आणि शस्त्रक्रियेत ते मिलिग्रॅमच्या मापाने वापरावे लागते. मानेच्या कण्यात वापरल्यावर धोकादायक सूज आल्याच्या घटनांमुळे २००८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला, आणि नको त्या जागी हाड वाढणे, सुरुवातीच्या अहवालांत दुष्परिणाम कमी दाखवले जाणे अशा बाबी पुढील वर्षांत उघड झाल्यावर या औषधाभोवतीचा उत्साह ओसरला. आज ते निवडक, अवघड रुग्णांसाठी हाताशी ठेवण्याचे साधन आहे आणि त्याची जागा तेवढीच असावी.

पेशींच्या वापराबाबत फ्रान्समधील फिलिप एर्निगू यांचे काम सर्वाधिक उद्धृत होते. त्यांनी कमरेच्या हाडातून सुईने मज्जा काढून, ती यंत्रात फिरवून घट्ट केली आणि न जुळलेल्या नडगीच्या फटीत इंजेक्शनने सोडली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६० पैकी ५३ रुग्णांची हाडे जुळली. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की ज्या ७ जणांत यश आले नाही त्यांच्या मज्जेत मूलपेशींची संख्या कमी होती. म्हणजे केवळ ‘मज्जा दिली’ एवढे म्हणून भागत नाही, तर किती पेशी दिल्या हे मोजले पाहिजे, आणि नेमकी तीच मोजदाद नेहमीच्या व्यवहारात सहसा होत नाही. त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हेही लक्षात ठेवायला हवे.

सर्वाधिक खपणारा उपचार मात्र प्लेटलेटयुक्त रक्तद्रवाचा, ज्याला सर्वत्र पीआरपी म्हणतात. रुग्णाचेच थोडे रक्त काढून, ते फिरवून त्यातील प्लेटलेट घट्ट केल्या जातात, कारण जखमेच्या जागी वाढघटक सोडण्याचे काम त्या करतात. उपचार सोपा, स्वतःच्याच रक्ताचा व तुलनेने निर्धोक असल्यामुळे खेळाडूंना तो पटकन पटतो. परंतु हाड जुळण्याच्या बाबतीत त्याचा पुरावा दुबळा आहे. इटलीत १२० रुग्णांवर झालेल्या व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात, अस्थिरूपकारक प्रथिनाचाच बीएमपी-७ हा दुसरा प्रकार दिलेल्या ६० पैकी ५२ जणांची हाडे जुळली, तर पीआरपी दिलेल्या ६० पैकी ४१ जणांची. शिवाय प्रत्येक दवाखान्यातील यंत्र, फिरवण्याचा वेग आणि प्लेटलेटचे प्रमाण वेगळे असल्यामुळे एकाचा निष्कर्ष दुसऱ्याला लागू करणेही कठीण होते. पीआरपी घेतल्याने हाड लवकर जुळेल, असे खात्रीने सांगणारा माणूस पुराव्याच्या पलीकडे बोलत आहे, असेच म्हणावे लागते.

हाडे ठिसूळ होण्याच्या विकारासाठी २००२ पासून वापरले जाणारे टेरिपॅराटाइड हे संप्रेरकाधारित इंजेक्शनही काही डॉक्टर रेंगाळलेल्या अस्थिभंगात देतात, पण त्यासाठी त्याला मान्यता नाही, आणि ज्यांच्या हाडांची वाढ अजून चालू आहे अशा किशोरवयीन खेळाडूंना ते देऊ नये, हे निर्विवाद आहे.

खेळाडूच्या बाबतीत आणखी एक बंधन असते. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०१० मध्ये पीआरपीचे स्नायूत इंजेक्शन देणे निषिद्ध ठरवले होते व पुढच्याच वर्षी ते यादीतून काढले; मात्र आयजीएफ-१ सारखे वाढघटक स्वतंत्रपणे घेणे आजही निषिद्ध आहे. म्हणून काय टोचले जात आहे याची लेखी नोंद ठेवणे व ते आधी संघाच्या डॉक्टरांकडून तपासून घेणे हे खेळाडूचे स्वतःचे काम ठरते.

या सर्व चर्चेत ज्या जैविक घटकांकडे सर्वांत कमी लक्ष जाते, ते म्हणजे अन्न, संप्रेरके आणि विश्रांती. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये ज्या अवस्थेला खेळातील सापेक्ष ऊर्जाकमतरता म्हटले, तिच्यात व्यायामाच्या मानाने आहार इतका अपुरा पडतो, की शरीर प्रजननाचे व हाडे राखण्याचे काम मागे टाकते. मुलींची मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते, इस्ट्रोजेन घटते आणि हाडे विरळ होतात, तर मुलग्यांमध्ये टेस्टोस्टेरॉन घटून तोच परिणाम दिसतो. पाळी थांबणे हे कसून मेहनत घेतल्याचे लक्षण आहे, असे मानणारे प्रशिक्षक आजही आढळतात आणि हा समज खेळाडू मुलींचे फार मोठे नुकसान करतो. भरपूर ऊन असलेल्या भारतात ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते, आणि तंबाखू किंवा धूम्रपानातील निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करून मोडाला मिळणारे तुटपुंजे रक्तही कमी करते. या गोष्टी दुरुस्त न करता मोडाच्या फटीत पेशी सोडणे म्हणजे पाणी नसलेल्या जमिनीत उत्तम बियाणे पेरणे होय.

भारतीय वाचकाला स्ट्रेस फ्रॅक्चर हा शब्द पी. व्ही. सिंधू हिच्या २०२२ मधील डाव्या पायाच्या दुखापतीमुळे आणि वेगवान गोलंदाजांच्या कण्याच्या दुखापतींमुळे परिचित झाला. पण महाराष्ट्रात हा विकार जितका मैदानावर आहे तितकाच गावोगावच्या डांबरी रस्त्यांवर आहे. पोलीस भरतीसाठी मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावावे लागते, आणि जाहिरात निघाली की हजारो तरुण-तरुणी पूर्वतयारी नसताना, साध्या बुटांनी किंवा अनवाणी, पहाटे कठीण रस्त्यावर एकदम अंतर वाढवून धावू लागतात. नडगी दुखली तर ती दाबून, चोळून किंवा वेदनानाशक घेऊन सराव चालू ठेवला जातो. ब्राइटहाउप्टच्या शिपायांत आणि या उमेदवारांत हाडाच्या दृष्टीने फरक नाही. सुरुवातीच्या क्ष-किरण चित्रात असा मोड बहुधा दिसत नाही, एमआरआयमध्ये तो दिसतो. त्यामुळे एक्स-रे स्वच्छ आहे म्हणून धावत राहण्याचा सल्ला या बाबतीत धोक्याचा असतो. हाडाच्या एकाच बिंदूवर बोट ठेवून दाखवता येणारी आणि विश्रांतीतही टिकणारी वेदना असेल, तर धावणे थांबवणे हाच पहिला उपचार आहे.

तरीही हाड जुळले नाही आणि कोणी मूलपेशींचा उपचार सुचवला, तर आधी नियम माहीत हवा: भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्त तयार करणाऱ्या मूलपेशींचे मान्यताप्राप्त रोपण वगळता मूलपेशींचा रुग्णावर होणारा वापर हा संशोधन मानला जातो व तो मान्यताप्राप्त चाचणीच्या चौकटीतच होऊ शकतो. तेव्हा ‘मूलपेशींनी हाड जोडून देऊ’ अशी जाहिरात दिसली, तर खेळाडूने आणि त्याच्या पालकांनी काही प्रश्न स्पष्टपणे विचारावेत: मोड न जुळण्याचे कारण अस्थैर्य आहे की निर्जीवता, ड जीवनसत्त्व, आहार आणि संप्रेरके तपासली आहेत का, कमरेच्या हाडाच्या साध्या रोपणापेक्षा हा उपचार कोणत्या पुराव्यावर सरस ठरवला जात आहे, आणि ही चाचणी असेल तर तिची नोंदणी कोठे आहे. या प्रश्नांची उत्तरे लेखी मिळत नसतील, तर त्या दारातून परत फिरावे आणि दुसऱ्या अस्थिशल्यचिकित्सकाचा सल्ला घ्यावा.